नागपूर जिल्ह्यातील जलसुरक्षा

नागपूर जिल्ह्यातील जलसुरक्षा म्हणजे जिल्ह्यातील तलाव, धरणांचे जलाशय व नदीपात्रे येथे सहलीसाठी येणाऱ्या लोकांना बुडण्यापासून वाचवण्यासाठी असलेली सार्वजनिक व्यवस्था आणि त्यासंबंधीचे नियम होत. नागपूरला समुद्रकिनारा नाही. मात्र पावसाळी सहलींसाठी जलाशयांवर मोठी गर्दी होते व तेथे बुडून मृत्यू होण्याच्या घटना घडतात. अशा प्रत्येक घटनेनंतर दोष पाण्यात उतरणाऱ्याचा की सोय न करणाऱ्या यंत्रणेचा, हा प्रश्न उपस्थित होतो.

पार्श्वभूमी

नागपूर शहरात अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव, सक्करदरा व गांधीसागर हे प्रमुख तलाव आहेत. जिल्ह्यात रामटेकजवळील खिंडसी, पेंच नदीवरील तोतलाडोह व नवेगाव खैरी, हिंगणा तालुक्यातील मोहगाव झिल्पी, अमरावती मार्गावरील वेणा जलाशय, कन्हान नदीवरील वाकी आणि वैनगंगेवरील आंभोरा ही सहलीची परिचित ठिकाणे आहेत. यांपैकी बहुतेक जलाशय सिंचनासाठी किंवा पाणीपुरवठ्यासाठी बांधलेले असून पर्यटन हा त्यांचा मूळ हेतू नाही. त्यामुळे पाण्याची मालकी एका विभागाकडे, काठाची जमीन दुसऱ्याकडे व बंदोबस्त तिसऱ्याकडे, अशी जबाबदारीची विभागणी आढळते.

धोक्याचे स्वरूप

जलाशयाचा तळ पोहण्याच्या तलावाप्रमाणे सपाट नसतो. मुरूम किंवा माती काढलेले खड्डे पाणी भरल्यावर दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल एकदम खोल पाण्यात पडू शकते. गाळात पाय रुततात, तर सांडव्यावरील शेवाळामुळे घसरण होते. नदीपात्रातील डोह व वाळू उपशामुळे झालेले खड्डे वरून शांत दिसतात. धरणातून विसर्ग सुरू झाल्यास खालच्या पात्रातील पाणी अल्पावधीत वाढते. एक जण बुडू लागल्यावर त्याला वाचवण्यासाठी सोबती पाण्यात उतरतात आणि एकाच घटनेत अनेकांचा मृत्यू होतो. म्हणून पोहता येत असले तरी स्वतः पाण्यात न उतरता दोर, बांबू, ओढणी किंवा तरंगणारी वस्तू पुढे करावी, असे सांगितले जाते.

प्रमुख घटना

९ जुलै २०१७ रोजी, रविवारी, वेणा जलाशयात सहलीसाठी आलेल्या तरुणांची नाव उलटून ८ जणांचा मृत्यू झाला. अपघातापूर्वी नावेत चित्रफिती घेतल्या जात असल्याने तरुणांच्या बेफिकिरीची मोठी चर्चा झाली. परंतु अशा ठिकाणी नाव कोणी चालवावी, तिची क्षमता कोणी ठरवावी व प्रवाशांना जीवरक्षक जॅकेट कोणी द्यावे, हे प्रश्न प्रवाशांच्या वर्तनापेक्षा वेगळे आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने नौका सुरक्षेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. २०२१ मध्ये १९१७ च्या जुन्या कायद्याऐवजी अंतर्देशीय जलयान अधिनियम संमत झाला.

राज्यातील अन्य घटनांपैकी १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूड किनाऱ्यावर पुण्याच्या महाविद्यालयीन सहलीतील १४ विद्यार्थी बुडाल्याची घटना विशेष उल्लेखनीय आहे.

कायदेशीर बाजू

धोक्याच्या स्थळी प्रवेशबंदी करण्यासाठी प्रशासन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चा (पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४) आधार घेते. आदेशभंगासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम २२३, तर निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्यास कलम १०६ लागू होऊ शकते.

सहलीची जबाबदारी स्वीकारणाऱ्या संस्थेबाबत न्यायालयांची भूमिका तुलनेने स्पष्ट आहे. मे १९९५ मध्ये पंजाबमधील एका शाळेच्या सहलीतील १४ विद्यार्थी बियास नदीत बुडाले. एम. एस. ग्रेवाल विरुद्ध दीपचंद सूद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक मुलामागे ५ लाख रुपयांची भरपाई कायम केली. मुले शिक्षकांच्या ताब्यात असल्याने त्यांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी शाळेवरही येते, असा या निकालाचा आशय आहे.

स्वेच्छेने धोका पत्करणाऱ्या प्रौढ व्यक्तीचा प्रश्न वेगळा ठरतो. ब्रिटनमधील टॉमलिन्सन विरुद्ध काँगलटन बरो कौन्सिल (२००३) या खटल्यात पोहण्यास मनाई असलेल्या तळ्यात सूर मारून मान मोडलेल्या तरुणाचा दावा हाउस ऑफ लॉर्ड्‌सने फेटाळला. उघड दिसणाऱ्या धोक्यापासून प्रौढांना वाचवण्यासाठी इतरांचा निरुपद्रवी आनंद बंद करणे योग्य नाही, हे त्यामागील एक कारण होते. मात्र हा तर्क धोका उघड असेल तेथेच लागू पडतो. पाण्याखालचा खड्डा किंवा अचानक होणारा विसर्ग पर्यटकाला दिसत नाही.

प्रतिबंध व बचावकार्य

नागपूर शहरात बचावकार्य प्रामुख्याने महानगरपालिकेच्या अग्निशमन विभागाकडे आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी नागपूर येथे, तर दुसरी धुळे येथे आहे. ग्रामीण भागात मदत पोहोचेपर्यंत बराच वेळ जातो. तेथे पाण्याची माहिती असलेले ढिवर समाजातील मासेमार व गावकरी प्रथम धावून येतात. बुडणाऱ्याच्या हाती काही मिनिटेच असल्याने दूरवरून येणाऱ्या पथकाला बहुधा शोधकार्यच करावे लागते.

शेजारच्या गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर व्यावसायिक जीवरक्षक नेमलेले आहेत. तेथे धोक्याचे व तुलनेने सुरक्षित क्षेत्र झेंड्यांनी वेगळे दाखवले जाते. संपूर्ण बंदीपेक्षा या पद्धतीत पर्यटकाला निवड करण्यासाठी माहिती मिळते. परंतु ती निवड पाळणे त्याच्यावरच अवलंबून राहते.

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये २५ जुलै हा जागतिक बुडणे प्रतिबंध दिन म्हणून घोषित केला. भारतात बुडून होणाऱ्या मृत्यूंची संख्या अलीकडच्या काळात वर्षाला ३० हजारांहून अधिक आहे.

हे सुद्धा पहा

अंबाझरी तलाव
खिंडसी तलाव
राज्य आपत्ती प्रतिसाद दल