गिरिपुष्प : बांधावरचे खत, टेकडीवरचा प्रश्न

जानेवारीच्या अखेरीस पुण्यातील वेताळ टेकडी, तळजाई, पाचगाव-पर्वतीच्या उतारांवरील निष्पर्ण फांद्या फिकट गुलाबी-जांभळ्या फुलांच्या तुऱ्यांनी भरून जातात. हा बहर पाहून अनेकांना हा वृक्ष टेकड्यांचा मूळ रहिवासी वाटतो. प्रत्यक्षात तो मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेला पाहुणा आहे. त्याचे शास्त्रीय नाव 'ग्लिरिसिडिया सेपियम' असून मराठीत त्याला गिरिपुष्प किंवा उंदीरमारी म्हणतात.

शास्त्रीय नावाचा अर्थ 'उंदरांना मारणारा, कुंपणाचा' असा होतो. साल व पाने धान्याबरोबर शिजवून उंदरांसाठी विषारी आमिष करण्याची पद्धत मध्य अमेरिकेत जुनी आहे. पाल्यातील कुमारिन या द्रव्याचे जिवाणूंमुळे डायकुमेरॉल तयार होते आणि त्यामुळे रक्त गोठण्याची क्रिया थांबते. हा पाला घोड्यांना घातक ठरतो. गाई-म्हशी व शेळ्या मात्र तो पचवू शकतात. उग्र वासामुळे ताजा पाला जनावरे सहसा टाळतात. सुकवून दिल्यास खातात.

शिंबावर्गीय असल्याने गिरिपुष्पाच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र स्थिर होतो. वाळलेल्या पाल्यात नत्राचे प्रमाण सुमारे अडीच ते चार टक्के असते आणि पाला मातीत लवकर कुजतो. डॉ. नारायण सावंत यांनी विकसित केलेल्या चारसूत्री भातशेतीचे एक सूत्र याच गुणावर आधारलेले आहे. त्यात लावणीपूर्वी सुमारे आठवडाभर आधी गुंठ्याला ३० किलो, म्हणजे हेक्टरी ३ टन, हिरवा पाला चिखलात मिसळला जातो. कोकण आणि मावळ पट्ट्यातील भात उत्पादकांना त्यामुळे बांधावरच खत उपलब्ध होते. श्रीलंकेत तर चहा, रबर व नारळ यांच्या पाठोपाठ चौथे मळ्याचे पीक म्हणून त्याला मान्यता मिळाली आहे.

लागवड सोपी आहे. बी रात्रभर पाण्यात भिजवून पिशव्यांत रोपे करावीत आणि पावसाच्या प्रारंभी बांधावर अर्ध्या मीटर अंतराने लावावीत. एक ते दीड मीटर लांबीची पक्व फांदी रोवूनही झाड येते. मात्र बियांपासून वाढलेल्या झाडाची मुळे अधिक खोल जातात. वर्षभरानंतर सुमारे एक मीटर उंचीवर छाटणी सुरू करावी. त्यानंतर वर्षातून दोन-तीन वेळा पाला मिळतो. छाटणी नियमित ठेवल्यास पिकावर सावली पडत नाही आणि शेंगाही धरत नाहीत.

याच गुणांमुळे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. मुरमाड जमीन, चराई, उन्हाळ्यातील वणवे आणि पाण्याचा अभाव यांत तग धरणारी झाडे त्या वेळी हवी होती. गिरिपुष्प तगले आणि उघडे उतार हिरवे झाले; परंतु तेथे त्याची छाटणी करणारा शेतकरी नव्हता. वाळलेली शेंग तडकली की बिया दूरवर उडतात आणि नवी रोपे उगवतात. पावसाळ्यात दाट सावली पडते, नेमक्या त्याच काळात वाढणारे गवत व रानफुले मागे पडतात. या टेकड्यांची मूळ ओळख मात्र सालई, मोई, गणेर, मेडशिंगी, काकड अशा विरळ पानझडी वृक्षांची आणि त्यांच्यामधील गवताळ माळांची आहे. चंडोल, तित्तिर यांसारखे जमिनीवर घरटी करणारे पक्षी याच माळांवर अवलंबून असतात.

म्हणून सरसकट तोड करणे हाही उपाय नव्हे. तोडलेल्या बुंध्याला पुन्हा जोमाने फुटवे येतात आणि उघड्या पडलेल्या उतारावरील माती पहिल्याच पावसात वाहून जाऊ शकते. टप्प्याटप्प्याने विरळणी करणे, शेंगा पक्व होण्यापूर्वी फांद्या छाटणे, तोच पाला आच्छादन म्हणून वापरून स्थानिक वृक्षांची रोपे वाढविणे आणि फुटवे काढत राहणे, हा मार्ग अधिक सुरक्षित ठरतो. कातळ व गवताळ माळांवर तर कोणतेच झाड न लावणे इष्ट. गिरिपुष्पाने राखलेली माती देशी वृक्षांच्या हाती सोपविण्याचे हे काम काही वर्षे चालणारे असून, त्यासाठी लागवडीइतकीच निगाही आवश्यक आहे.