इंदूरचा प्लेग आणि उंदराची मिरवणूक

देवी, गोवर, पटकी अशी रोगांना घरगुती नावे देणाऱ्या मराठीने ‘प्लेग’ हा शब्द मात्र परका तसाच राहू दिला. या रोगापाठोपाठ आलेले सरकारी उपायही लोकांना तितकेच परके वाटले. १८९७ साली पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या, रोग्यांना छावणीत नेले. त्याचे पर्यवसान २२ जूनच्या रात्री रँडवरील गोळीबारात झाले. रोग निवारण्यास आलेल्याचेच भय लोकांना वाटावे, हे दुर्दैव.

आपल्या इंदुरात पुढे निराळे घडले. १९१७-१८ मध्ये नगररचनाकार पॅट्रिक गेडिस होळकर दरबारच्या निमंत्रणावरून येथे आले. गल्लीबोळांतून नकाशे घेऊन हिंडणाऱ्या या दाढीवाल्या म्हाताऱ्या साहेबाकडे लोक बोट दाखवीत. चौकशी करता त्यांना कळले, की प्लेग आणणारा साहेब तो हाच, असा लोकांचा समज आहे! दुसरा कोणी चिडला असता. गेडिसनी तुकोजीराव महाराजांकडे एक दिवसाचे राज्य मागितले आणि दवंडी पिटविली, की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने न जाता ज्या मोहल्ल्याने घरे अधिक झाडून दुरुस्त केली असतील त्या मोहल्ल्यातून जाईल.

हुकुमाने जे साधत नव्हते ते मानाच्या ओढीने साधले. घरे निघाली, कचरा गाड्या भरभरून गेला, उंदीर पकडले गेले. मिरवणुकीत रावणासारखा घाणीचा राक्षस होता आणि त्यामागे एक अजस्र उंदीर, अंगावर पिसवा थरथरत असलेला. त्या पिसवा केवळ गंमत नव्हत्या. प्लेग उंदरावरच्या पिसवेतून पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखविले होते. ते शास्त्र निरक्षर माणसालाही एका दृष्टिक्षेपात कळले. रात्री राक्षस आणि उंदीर दोघांचेही दहन झाले.

मला मात्र त्याहून महत्त्वाचे वाटते ते सफाई कामगारांचे पथक. शुभ्र कपडे, गळ्यात फुलांच्या माळा, नव्या झाडण्या, रंगविलेल्या गाड्या, अशा थाटात ते राजरस्त्याने मिरवणुकीत चालले. ज्यांची सावली टाळली जाई त्यांना शहराने त्या दिवशी मानाने पाहिले. दुसऱ्या दिवशीही पाहिले काय, हा प्रश्न गेडिसना नव्हे, आपल्या आजोबा-पणजोबांना विचारावा लागेल.

मिरवणुकीने प्लेग पळाला असे मी म्हणणार नाही. त्याचा जोर ऋतुमानाप्रमाणे ओसरतोही. पण प्लेग आणणारा साहेब हे नाव पुसले गेले, आणि लोक आपल्या विहिरींची, बागांची, घरांची गाऱ्हाणी घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. १९१८ साली दरबारला सादर झालेला त्यांचा दोन खंडांचा अहवाल याच शहराविषयी आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी तो हाती नकाशा घेऊन वाचावा, आणि त्यातील कोणती गल्ली आज कशी आहे हे पायी हिंडून पाहावे.