मूठभर धान्य आणि शाळेतलं ताट



नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्या राज्यात ठरलं, की शाळेतल्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं आणि जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं किंवा त्या भागातलं फळ द्यायचं. शाकाहारी समाजांतून विरोध झाला, त्यात आपलेही लोक होते. जानेवारी 2025 मध्ये सरकारने अंड्यासाठीचा पैसा बंद केला आणि हवं असेल तर शाळांनी लोकवर्गणीतून द्यावं असं सांगितलं. आपल्या ग्रुपवर त्या दिवशी आनंदाचे निरोप फिरले. माझ्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही आणि येणारही नाही. पण ताटातून एक जिन्नस गेला त्या जागी दुसरा कोणता आला, हे त्या निरोपांत कुणीच विचारलं नव्हतं.

हा प्रश्न आपल्याला लागू पडतो, कारण शाळकरी मुलांच्या जेवणाचा महाराष्ट्रातला एक मोठा धडा आपल्याच समाजातल्या एका बाईच्या चुलीवर शिजला आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचे, जन्म 1887, घर दिगंबर जैन. शिकायला ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले. अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते गेले, परत आल्यावर विटाळ गेला म्हणून अंघोळ करायला त्यांनी नकार दिला, आणि त्यावरून बोर्डिंग सुटलं, असं त्यांच्या चरित्रांत येतं. पुढे 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं. मराठा, महार, मुसलमान, जैन, सगळी मुलं एका छपराखाली आणि एका पंगतीत. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं.

भाषणं भाऊरावांची, पण रोजचं पीठ-मीठ लक्ष्मीबाईंचं. त्याही कुंभोजच्याच, चांगल्या खात्यापित्या, सोवळं पाळणाऱ्या जैन घरातल्या. अशा बाईने सगळ्या जातींच्या पोरांना आपल्या हातचं वाढायचं, म्हणजे त्या काळी केवढी उडी ती! माहेरचे दागिने एकेक करून धान्यासाठी गेले. बोर्डिंगात दाणा उरला नाही तेव्हा शेवटी मंगळसूत्रही गेलं. 1930 मध्ये त्या वारल्या. कर्मवीरांचे पुतळे गावोगावी आहेत. लक्ष्मीबाईंबद्दल आपल्या मुलींना विचारा, फार थोड्या सांगतील.

भाऊरावांनी आणखी एक गोष्ट केली ती बायकांच्या भरवशावर. मुष्टिफंड. सकाळी जात्यावर बसण्याआधी दळणातली एक मूठ बाजूला काढून ठेवायची. साठलं की ते धान्य बोर्डिंगला जायचं. घरात कारभार पुरुषाचा असला तरी दळणाची मूठ बाईच्याच हातात होती, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. त्यातलं पहिलं आणि तिसरं एकाच जागी कुठे घडत असेल, तर ते शाळेच्या पंगतीत, असं मला वाटतं.

सरकारी पातळीवर ही गोष्ट आधी मद्रासेत सुरू झाली. 1920 मध्ये तिथल्या नगरपालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत मुलामागे एक आण्याच्या आत जेवण द्यायचं ठरवलं. 1956 मध्ये कामराजांनी ते राज्यभर नेलं, 1982 मध्ये एम. जी. रामचंद्रनांनी वाढवलं. देशभराची योजना आली 15 ऑगस्ट 1995 ला, पण बहुतेक राज्यांत शिजवलेलं काहीच मिळत नव्हतं. महिन्याला तीन किलो धान्य पिशवीतून घरी जायचं. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, शिजवून द्या. मग आपल्याकडे खिचडी आली.

आता थोडा हिशेब, आपण बायका तो चटकन करतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणात 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. त्यासाठी 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं. वीस ग्रॅम डाळ म्हणजे किती, ते एकदा वाटीत घेऊन बघा. जेमतेम मूठभर. ती पातळ झाली, भाजी नावापुरती पडली, की 12 ग्रॅम कागदावरच राहतात. एका अंड्यात सहाएक ग्रॅम प्रथिनं असतात आणि केळ्यात एखादा ग्रॅम. केळं चांगलंच, पण ते अंड्याची भरपाई करत नाही. ज्या घरी दूधही रोज येत नाही, त्या मुलाला हा फरक अंगावर जाणवतो. आपली मुलं घरून तूप-पोळी, दाण्याची चटणी खाऊन निघतात. त्यांना नाही जाणवत.

आपल्या नियमांत बसेल असं काही नाही का? भरपूर आहे. मूठभर भाजलेले शेंगदाणे, साधारण 30 ग्रॅम, यांत सातएक ग्रॅम प्रथिनं येतात. (शेंगदाणा मातीखाली येतो, पण बहुतेक घरांत त्याला कंदमुळात धरत नाहीत, हे आपल्याला ठाऊकच आहे.) फुटाणे आणि गूळ. दाण्याची चिक्की. हुलग्याचं माडगं. मोड आलेलं कडधान्य आपल्यातल्या काहींना चालत नाही, तर रात्री भिजवून सकाळीच शिजवलेली चवळी किंवा हरभऱ्याची उसळ. ती मुलांना खिचडीपेक्षा आवडतेही.

पोषण आहार योजनेत तिथी भोजनाची सोय आहे. सणावाराला, वाढदिवसाला गावातलं कुणीही शाळेच्या जेवणात भर घालू शकतं. मुख्याध्यापकांशी आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बोलायचं, पदार्थ आणि दिवस ठरवायचा. बहुतेक लोक जिलेबी किंवा बुंदी देतात. एक दिवस गोड आणि पुन्हा तीच पातळ खिचडी. आपल्या महिला मंडळाने दर शनिवारचे दाणे-गूळ धरले, तर शंभर मुलांना दर वेळी 30 ग्रॅमप्रमाणे तीन किलो शेंगदाणे लागतील. दशलक्षण पर्वात आपण बोल्या लावतो तेव्हा किती रकमा जमतात ते आपल्याला माहीत आहे. त्यातली एक बोली शाळेच्या दाण्यांची ठेवता येईल का, हे मी येत्या बैठकीत विचारणार आहे. आपापल्या गावच्या मंडळात तुम्हीही विचारा. आणि शेंगदाणे खवट नाहीत ना, हे भाजण्याआधी चाखून घ्या.