तीनशे एकर आणि एक शब्द

मराठीत 'घर' आणि 'गृह' हे एकाच कुळातले शब्द, पण त्यांच्यात मोठे अंतर पडले आहे. घर माणसाचे असते. गृह बहुधा संस्थेचे किंवा सरकारचे. बालगृह, सुधारगृह, वसतिगृह, विश्रामगृह. इंग्रजीत मात्र 'होम' हा एकच शब्द दोन्ही ओझी वाहतो आणि भाषांतर करणाऱ्याला दर वेळी थांबून विचारावे लागते, की इथे राहणाऱ्याचे घर अभिप्रेत आहे की चालवणाऱ्याचे गृह? हा प्रश्न फक्त भाषांतरकारांना छळतो असा माझा समज होता. लॉस एंजेलिसच्या पश्चिम भागातल्या एका जमिनीचा इतिहास वाचताना तो गेला. तिथे याच शब्दासाठी माजी सैनिक सरकारविरुद्ध न्यायालयात उभे राहिले.

सुरुवात अमेरिकेच्या यादवी युद्धापासून करावी लागते. ते संपत आले असताना, 3 मार्च 1865 रोजी, लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. कायम फौजेतल्या सैनिकांसाठी वॉशिंग्टनमध्ये आश्रयस्थान आधीच होते; पण युद्ध लढले होते ते मुख्यतः शेतातून आणि दुकानांतून उठून आलेल्या स्वयंसेवकांनी. त्यांच्यातल्या अपंगांसाठी 'नॅशनल होम' उभारायची ही योजना. पहिले मेन राज्यात सुरू झाले, मग इतर राज्यांत. पश्चिम किनाऱ्यावर शाखा काढायचे ठरले तेव्हा 1888 मध्ये सिनेटर जॉन जोन्स आणि आर्केडिया बँडिनी द बेकर यांनी तीनशे एकर जमीन दान दिली. अट एकच होती : इथे असे 'होम' बांधायचे आणि ते कायम चालवायचे.

दान निर्हेतुक नव्हते. दोघांच्याही सांता मोनिका परिसरात जमिनी होत्या आणि पेन्शन घेणारा शेजार कोणाला नको असतो! पण हेतू काहीही असो, वस्ती खरोखर उभी राहिली. रुंद व्हरांड्यांच्या लांबलचक लाकडी बराकी, टपाल कार्यालय, ट्रामचे स्थानक. 1900 मध्ये एक चॅपल बांधले गेले. त्यात प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यासाठी एकाच छपराखाली दोन स्वतंत्र प्रार्थनागृहे होती. कुंपणाबाहेर सॉटेल नावाचे गाव वसले, ते मुख्यतः या सैनिकांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या जिवावर. शेजारीच दफनभूमी झाली. आज तिथे ऐंशी हजारांहून अधिक माणसे विसावली आहेत. मेलेल्या सैनिकांच्या जागेबद्दल कधी कोणी वाद घातला नाही.

1930 मध्ये ही सगळी 'होम्स' नव्या 'व्हेटरन्स ॲडमिनिस्ट्रेशन'च्या ताब्यात गेली आणि शब्दाचा अर्थ सरकू लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर लक्ष रुग्णालयाकडे वळले. सैनिक आता रहिवासी राहिला नाही, रुग्ण झाला. आणि रुग्ण बरा झाला की निघून जातो. पुढे 1971 च्या भूकंपात सिल्मारचे सैनिकी रुग्णालय कोसळून माणसे दगावली. त्यानंतर पश्चिम लॉस एंजेलिसमधल्याही जुन्या इमारती असुरक्षित ठरवून रिकाम्या करण्यात आल्या. राहत्या माणसांना बाहेर काढले. बदली घरे बांधली गेली नाहीत. व्हिएतनामहून परतलेली पिढी बेघर होऊन रस्त्यावर दिसू लागली, ती नेमकी याच सुमाराला.

जमीन मात्र मोकळी राहिली नाही. कालांतराने तिथे विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचे स्टेडियम आले, जवळच्या एका खासगी शाळेची मैदाने आली, वाहनतळ आले. एके काळी तर हॉटेलांच्या चादरी धुणारी लाँड्रीही तिथे चालत होती.

आता सरकार काहीच करत नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1992 मध्ये सुरू झालेल्या आणि 2008 नंतर मोठ्या प्रमाणावर वाढवलेल्या योजनेत बेघर माजी सैनिकाला भाड्याचे व्हाउचर मिळते. उत्पन्नाचा साधारण तीस टक्के भाग त्याने द्यायचा, उरलेले भाडे सरकार भरते. शिवाय एक समाजसेवक नेमलेला असतो. तो औषधांची, व्यसनाची, कागदपत्रांची विचारपूस करतो. पण आधी दारू सोडा मग घर देऊ, अशी अट घालत नाही. योजना चांगली चालली. देशभरातल्या बेघर माजी सैनिकांची संख्या 2010 मधल्या सुमारे 74 हजारांवरून 2024 मध्ये 33 हजारांच्या आत आली. इतका स्पष्ट उतार बेघरांच्या दुसऱ्या कोणत्याही गटात दिसत नाही.

पण व्हाउचर हा कागद आहे. तो घेणारा घरमालक लागतो आणि लॉस एंजेलिसमध्ये तो सहज भेटत नाही. त्यातून आणखी एक विचित्र पेच होता. अनुदानातून बांधलेल्या इमारतींना उत्पन्नाची कमाल मर्यादा असते, आणि युद्धात आलेल्या अपंगत्वाची भरपाई उत्पन्नात धरली जाई. म्हणजे जो सर्वांत जास्त जायबंदी, तोच त्या घरासाठी सर्वांत 'श्रीमंत'. हा नियम ऑगस्ट 2024 मध्ये सैल करण्यात आला.

दरम्यान 2011 मध्ये पहिला दावा दाखल झाला. 2013 मध्ये न्यायालयाने भाडेकरार बेकायदा ठरवले, पण दानपत्रामुळे सरकार विश्वस्त ठरते, हे मान्य केले नाही. तडजोड झाली, बाराशे घरांचा आराखडा निघाला आणि रेंगाळला. मग सैनिकांनी कुंपणालगतच्या पदपथावर तंबू ठोकले, त्यांवर राष्ट्रध्वज लावले. आत मैदाने, बाहेर तंबू. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये ते हटवले आणि अनेकांना आत आठ फूट लांब, आठ फूट रुंद खोपट्यांत हलवले. त्यालाही तात्पुरता निवाराच म्हणायचे.

दुसरा दावा डेव्हिड कार्टर यांच्यापुढे आला. हे न्यायाधीश स्वतः व्हिएतनाममध्ये लढलेले आणि जखमी झालेले मरीन. सप्टेंबर 2024 च्या निकालात त्यांनी सरकारला विश्वस्ताची जबाबदारी आहे, असे ठरवले आणि 1800 कायमची व 750 तात्पुरती घरे बांधण्याचा आदेश दिला. निकाल वाचताना मला जाणवले ते हे, की सगळ्या प्रकरणाच्या तळाशी 1888 चे ते दानपत्र आहे. 'होम' म्हणजे उपचाराची जागा, की माणसाने रात्री किल्ली फिरवून आत शिरावे अशी जागा? सरकार अपिलात गेले.

मे 2025 मध्ये राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला : याच जमिनीवर 2028 च्या आरंभापर्यंत सहा हजार बेघर माजी सैनिकांची सोय करायची. संकुलाला नवे नावही दिले आहे, 'नॅशनल सेंटर फॉर वॉरियर इंडिपेंडन्स'. 'सोल्जर'चा 'वॉरियर' झाला आहे आणि 'होम'च्या जागी 'सेंटर' आले आहे. मराठीत त्याचे 'केंद्र' करायला काहीच अडचण पडत नाही.