ठेच्याची थाई बहीण

श्रोतेहो, इतिहासाच्या शिक्षकाला इतिहास कुठे भेटेल याचा नेम नसतो. मी यवतमाळच्या शाळांतून बत्तीस वर्षे इतिहास शिकवला. लढाया, तह आणि सनावळ्या फळ्यावर लिहिता लिहिता खडू झिजले. पण माझ्या स्वतःच्या ताटाचा इतिहास मला कळला तो निवृत्तीनंतर, मुंबईतल्या एका महागड्या थाई उपाहारगृहात, आणि तोही माझ्या आईच्या तोंडून.

माझी मुलगी मुंबईला नोकरी करते. आजीच्या चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसाला तिने हट्टाने आम्हा दोघांना तिथे नेले. दरवाजा उघडणारा गणवेशातला माणूस, मंद दिवे, मांडीवर घ्यायचा पांढराशुभ्र रुमाल. आई खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. परक्या घरी बायका बसतात तशी. पदार्थांच्या यादीतले एकही नाव आम्हाला वाचता येईना. "आजी, तू फक्त खा," असे म्हणून मुलीनेच पदार्थ सांगितले.

पहिल्यांदा गरम सार आले. आईने चमच्याने त्यातली एक कांडी बाहेर काढली, हुंगली आणि म्हणाली, "बाई, हे त आपल्या परसातल्या गवती चहाचं आहे!" खरेच ती गवती चहाची कांडी होती. दुसऱ्या वाटीत आल्यासारख्या चकत्या होत्या. तेही तिने ओळखले. ते कुळिंजन निघाले. गवयांचा घसा बसला की वैद्य जे चघळायला देतात, त्याच्याच गोतातले. तिसरा पदार्थ कच्च्या पपईचा. पपईचा कीस, लसूण, हिरवी मिरची, भाजलेले शेंगदाणे, लिंबू आणि गूळ हे सारे खलात टाकून ठेचलेले. आईने घास घेतला, डोळ्यांत पाणी आले, आणि ती हसत सुटली. "अगं, हा त ठेचा आहे! पपईचा ठेचा!"

शेजारच्या टेबलावरची मंडळी वळून पाहू लागली. मुलगी ओशाळली. मी मात्र घरी परतल्यावर पुस्तके उघडली, आणि आई अक्षरशः बरोबर होती असे दिसले. त्या पदार्थाचे नाव 'सोम तम'. थाई भाषेत 'सोम' म्हणजे आंबट आणि 'तम' म्हणजे कुटणे. आपण ठेचतो म्हणून ठेचा, ते कुटतात म्हणून तम. दोन दूरच्या देशांतल्या बायकांनी खलबत्त्यावरूनच नाव ठेवले.

आता गंमत पाहा. ठेच्याशिवाय वऱ्हाडी माणसाची भाकर घशाखाली उतरत नाही, आणि मिरचीशिवाय थाई जेवणाची कल्पना करवत नाही. पण ही मिरची ना आपली, ना त्यांची. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात लीळाचरित्र लिहिले गेले. ज्ञानेश्वरी १२९० सालची. त्या काळच्या मराठी ताटात तिखट होते ते मिऱ्याचे आणि आल्याचे. मिरची नव्हतीच. ती होती सातासमुद्रापलीकडे अमेरिका खंडात. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचला, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला. पुढे अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५११ मध्ये मलाक्का. त्याच १५११ साली त्याने आपला दूत सयामची राजधानी अयुथ्या येथे धाडला. म्हणजे आपल्या आणि त्यांच्या दाराशी पोर्तुगीज आले ते जवळजवळ एकाच वेळी. त्यांच्या व्यापाराबरोबर मिरची आशियात पसरली. शेंगदाणा आणि पपई याही मूळच्या अमेरिकेतल्याच.

पाहुणी आली आणि घरची झाली, याची साक्ष भाषा देते. आपण तिला मिऱ्यावरून मिरची म्हणू लागलो. थाई लोकांनीही तेच केले. त्यांच्याकडे मिऱ्याला 'फ्रिक' म्हणत. नवी मिरची आली आणि तिने ते नाव बळकावले. मग बिचाऱ्या जुन्या मिऱ्याला वेगळे नाव द्यावे लागले: 'फ्रिक थाई', म्हणजे आपल्या देशातले तिखट! शब्दांचे नाते एवढ्यावर संपत नाही. अयुथ्या म्हणजे अयोध्या. अन्नाला ते 'आहान' म्हणतात, लिहिताना मात्र आहारच लिहितात. चवीला म्हणतात 'रोत', तो आपला रस.

पण मला सर्वांत अधिक विचारात पाडले ते 'ईसान' या शब्दाने. सोम तम हा आज ज्या प्रांताची ओळख आहे, तो थायलंडच्या ईशान्येचा प्रांत. ईसान म्हणजे ईशान, ईशान्य दिशा. हा भाग कोरडा, पावसाच्या भरवशावरचा, देशातला गरीब. तिथले शेतकरी मोठ्या संख्येने मजुरीसाठी बँकॉकला गेले. जाताना आपला खल आणि आपली चव घेऊन गेले. रस्त्याच्या कडेला टोपली मांडून बायका पपई कुटू लागल्या. शहरातले लोक आधी त्या खाण्याला गावंढळ समजत. पुढे तेच खाणे पंचतारांकित हॉटेलांत गेले आणि कफ परेडपर्यंत आले.

हे वाचताना मला ईसान दिसेना, यवतमाळ दिसू लागले. कोरडवाहू जमीन, पावसाकडे लागलेले डोळे, पुण्या-मुंबईकडे निघालेली पोरे. सारे तेच. फरक एवढाच की आमच्या पोरांनी खल बरोबर नेला नाही.

त्यांचे खाणे वर गेले ते आपोआप नव्हे. पंतप्रधान फिबुन सोंगख्राम यांच्या सरकारने १९३९ मध्ये सयामचे नाव बदलून थायलंड केले. त्याच राजवटीत राष्ट्राची ओळख म्हणून शेवयांचा 'पाड थाई' हा पदार्थ लोकांत रुजवला गेला. पुढे २००२ मध्ये तिथल्या सरकारने जगभर थाई उपाहारगृहे वाढवण्याची मोहीमच हाती घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये 'तोम याम कुंग' हे कोळंबीचे सार युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेले. गवती चहाचे ते सार, श्रोतेहो, जगाचा वारसा झाले.

आपल्याकडेही हे अशक्य नाही. मुंबईत थाई जेवणाला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलातल्या 'थाई पॅव्हिलियन'चे आणि तिथले माजी शेफ आनंद सॉलोमन यांचे नाव घेतात. याच सॉलोमन यांनी त्याच हॉटेलात 'कोकण कॅफे' उभे केले आणि किनाऱ्यावरच्या घरगुती माशांच्या कालवणांना पंचतारांकित टेबलावर बसवले. नागपूरच्या सावजी रश्शाने तर कुणाचीही शिफारस न घेता आपले नाव केले. मग आमच्या अंबाडीने, पातोडीने, रोडग्यांनी, तुरीच्या सोल्यांनी काय पाप केले आहे?

याचे उत्तर शोधायला मला लांब जावे लागले नाही. माझ्या लहानपणी पुण्याकडचे पाहुणे आले की आई ज्वारीच्या भाकरीची टोपली फडताळात लपवायची. शेजारून गहू उसना आणून पोळ्या करायची. अंबाडीची भाजी असलीच तर ती स्वयंपाकघरात आम्हा मुलांसाठी. "पाहुण्यापुढं अंबाडी ठेवतेत का कोणी?" हा तिचा प्रश्न मला अजून ऐकू येतो. मीही शिक्षक झाल्यावर सहकाऱ्यांसमोर डब्यातला ठेचा झाकून ठेवत असे. चव आम्हाला लाजिरवाणी नव्हती. लाज होती ती गरिबीची, आणि ती आम्ही भाकरीवर काढली.

त्या रात्री बिल आले. मुलीने ते आजीपासून लपवले, पण आईची नजर तीक्ष्ण. आकडा तिने वाचलाच. गाडीत बसल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग मला म्हणाली, "बाबू, एका क्विंटल कापसाले येवढे भेटत नाहीत रे." मी मनाशी हिशेब केला. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. बिल त्याहून अधिक होते. मला वाटले, तिला वाईट वाटले असणार. पण थोड्या वेळाने ती पुन्हा बोलली. "म्हणजे ठेच्याले बी पैसे देतेत लोक."

त्यानंतर आमच्या घरात एक बदल झाला आहे. दिवाळीत मुलीचे मुंबईचे स्नेही यवतमाळला आले होते. मी पनीर आणायला निघालो, तर आईने पिशवी हातातून काढून घेतली. तिने अंबाडी निवडली, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवली, वरून लसणाची खमंग फोडणी दिली, आणि भाकर थापली. ती खुर्ची घेऊन पाहुण्यांच्या समोर बसली, आणि कोणी काय टाकतो ते पाहत राहिली. कोणीच काही टाकले नाही.

सध्या मी रोज संध्याकाळी वही घेऊन तिच्याजवळ बसतो. ती सांगते, मी लिहितो. प्रमाण विचारले की म्हणते, "हाताले कळते." मग मी तिला डाळ मुठीत घ्यायला लावतो आणि तीच मूठ काट्यावर ओतून वजन टिपून ठेवतो. आतापर्यंत एकेचाळीस पदार्थ झाले. अंबाडीच्या पानावर मी पेन्सिलीने एक नोंद केली आहे: 'पाहुण्यांपुढे ठेवावी.'

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)