एकट्याचा वाद्यमेळ : अँड्र्यू बर्ड

बँड सोडून एकट्यानं गाऊ लागलेल्या कलावंताची गोष्ट आपण नेहमी एकाच चालीत सांगतो. समूहात घुसमट झाली, भांडणं झाली, मग तो बाहेर पडला आणि त्याला स्वतःचा सूर सापडला. शिकागोच्या अँड्र्यू बर्डची गोष्ट या चालीत बसत नाही, म्हणूनच आज ती घेतोय.

बर्डचा जन्म १९७३चा. चौथ्या वर्षी हाती व्हायोलिन आलं, तेही सुझुकी पद्धतीनं: आधी कानानं ऐकायचं, तसं वाजवायचं, स्वरलिपी नंतर. आपल्याकडच्या तालमीशी हिचं नातं तुमच्या लगेच ध्यानात येईल. १९९६ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची व्हायोलिनवादनातली पदवी घेतली, पण सिम्फनीच्या वाद्यवृंदात खुर्ची धरून तो बसला नाही. जुन्या स्विंग-जॅझला उजाळा देणाऱ्या 'स्क्विरल नट झिपर्स' या बँडच्या अल्बमांवर वाजवू लागला, आणि लवकरच स्वतःचा बँड काढला, 'अँड्र्यू बर्ड्स बोल ऑफ फायर'. नावातच मालकाची पाटी! १९९८ ते २००१ या काळात तीन अल्बम आले. तिसऱ्याचं, 'द स्विमिंग अवर'चं, समीक्षकांनी कौतुक केलं. खप मात्र बेताचाच. चार-पाच माणसं, वाद्यं, गाडी, मुक्काम, आणि समोर अर्ध्या रिकाम्या खुर्च्या. हे गणित किती दिवस चालणार?

२००२ मध्ये शिकागोत दुसऱ्या एका बँडच्या आधी त्याला वाजवायचं होतं. बँडमधली नोरा ओ'कॉनर त्या दिवशी मोकळी नव्हती. नाइलाजानं तो एकटाच उभा राहिला, आणि लोकांना ते भलतंच आवडलं. बस्स. बंड नाही, जाहीरनामा नाही.

आता एकटा म्हणजे नेमका कसा, ते पाहू. पायाशी एक छोटं यंत्र असतं, लूप पेडल. बर्ड व्हायोलिनच्या तारा बोटांनी छेडून एक लहानशी ओळ वाजवतो आणि पेडल दाबतो. ती ओळ फिरत राहते. तिच्यावर गजानं दुसरी ओळ, मग शीळ (आणि शीळ म्हणजे काय, ती त्याच्याकडून ऐकावी!), मग ग्लॉकेनस्पीलच्या पट्ट्यांचा किणकिणाट. तंत्र तसं नवं नाही. टेरी रायली १९६०च्या दशकातच टेपरेकॉर्डरच्या जोडीतून आपलंच वादन परत फिरवत होते. हेच रायली पुढे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. तो विषय वेगळ्या व्याख्यानाचा.

प्रश्न असा की, इथे साथीला कोण आहे? काही क्षणांपूर्वीचा बर्डच. साथीदार तुमची चूक ऐकून सावरून घेतो, लय जरा ओढतो, कधी कपाळाला आठी घालतो. यंत्र यातलं काहीच करत नाही. पहिली ओळ केसभर चुकली, तर ती चूक दर काही सेकंदांनी परत येते, आणि तिच्याशी जुळवून वाजवणं एवढंच हाती उरतं. बँडमध्ये इतकी सक्ती नव्हती, असं मला वाटतं.

पुढे तो इलिनॉयच्या ग्रामीण भागात, शेतावरच्या जुन्या लाकडी कोठारात जाऊन राहिला. २००३ साली 'वेदर सिस्टिम्स' आला, आणि त्याच सुमारास बोल ऑफ फायर संपला. २००५चा 'द मिस्टीरियस प्रॉडक्शन ऑफ एग्ज' तर त्यानं ध्वनिमुद्रित केला, टाकून दिला, पुन्हा केला. 'पुरे आता' म्हणणारं जवळ कुणी उरलं नव्हतं, असा माझा तर्क. अल्बम उत्तम आहे, ही गोष्ट निराळी.

२००७च्या 'आर्मचेअर अपोक्रिफा'त मिनियापोलिसचा ढोलवादक मार्टिन डॉश सोबत आला. गंमत म्हणजे तोही लूपवालाच! दोघंही आपापली गर्दी बरोबर घेऊन फिरणारे. आणि २०१२चा 'ब्रेक इट युअरसेल्फ' ध्वनिमुद्रित झाला तो त्याच कोठारात, जिथे बर्ड एकटा राहायला गेला होता. या वेळी तिथे डॉश होता, आणखी साथीदार होते, आणि सगळे एका जागी बसून, एकमेकांचं ऐकत, एकाच वेळी वाजवत होते.