एकाच माणसाचा बँड : 'नाइन इंच नेल्स' म्हणजे नक्की कोण?

'ओल्ड टाऊन रोड' हे गाणं तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेलच. लिल नाझ एक्सचं हे गाणं टिकटॉकवरून जगभर पसरलं आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत १९ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. त्यात बँजोसारखा तारा छेडल्याचा जो आवाज येतो, तो ११ वर्षं जुन्या एका अल्बममधून घेतलाय. तो अल्बम होता 'नाइन इंच नेल्स'चा.

नाव ऐकून हा चार-पाच जणांचा बँड वाटतो. पण १९८८ पासून २०१६ पर्यंत त्याचा कायमचा सदस्य एकच होता, ट्रेंट रेझ्नर.

त्याचं संगीत 'इंडस्ट्रियल' प्रकारातलं. १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या 'थ्रॉबिंग ग्रिसल' या गटानं 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' ही कंपनी काढली, त्यावरून हे नाव पडलं. यंत्रांची घरघर, धातूचा खणखणाट, मुद्दाम फाटलेला आवाज, म्हणजे ज्याला आपण गोंगाट म्हणतो, तेच इथं वाद्य असतं. रेझ्नरनं या गोंगाटात गुणगुणता येईल अशी चाल आणि स्वतःची वेदना आणली.

सुरुवात झाली क्लीव्हलँड शहरातल्या एका स्टुडिओत. रेझ्नर तिथं पडेल ते काम करायचा, अगदी साफसफाईसुद्धा. रात्री स्टुडिओ रिकामा असला की मालकाच्या परवानगीनं स्वतःची गाणी रेकॉर्ड करायचा. मनासारखे वादक मिळेनात, म्हणून जवळजवळ सगळं त्यानं स्वतःच वाजवलं. त्यातून १९८९ मध्ये 'प्रिटी हेट मशीन' हा पहिला अल्बम आला. नाइन इंच नेल्स म्हणजे ट्रेंट रेझ्नर, असं अल्बमसोबतच्या माहितीतच छापलं होतं. स्टेजवर वादक असायचे, पण ते बदलत राहायचे.

१९९४ च्या 'द डाऊनवर्ड स्पायरल'नं त्याला मोठा स्टार केलं. एक माणूस हळूहळू स्वतःला कसा संपवत जातो, याची ती गोष्ट. पुढं दारू आणि ड्रग्जच्या व्यसनात रेझ्नर स्वतःच त्या वाटेवर गेला. २००१ मध्ये उपचार घेऊन तो बाहेर पडला.

त्याच अल्बममधलं शेवटचं गाणं होतं 'हर्ट'. २००२ मध्ये सत्तरीतल्या जॉनी कॅश या कंट्री गायकानं ते आपल्या थकलेल्या आवाजात गायलं. आधी रेझ्नरला हे विचित्र वाटलं. व्हिडिओ पाहिल्यावर मात्र हे गाणं आता आपलं राहिलं नाही, असं त्यानं कबूल केलं. सगळं स्वतःच्या हातात ठेवणाऱ्या माणसानं हे म्हणणं साधी गोष्ट नव्हती.

पुढं तर त्यानं स्वतःहूनच संगीत मोकळं केलं. मोठ्या रेकॉर्ड कंपनीतून बाहेर पडून २००८ मध्ये त्यानं 'घोस्ट्स १-४' हा ३६ तुकड्यांचा वाद्यसंगीताचा अल्बम इंटरनेटवर आणला. पहिले ९ तुकडे फुकट, सगळे हवे असतील तर ५ डॉलर. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा. म्हणजे धंदा करायचा नसेल तर कुणीही ते वाटा, त्यातून नवं काही बनवा.

'ओल्ड टाऊन रोड'मधला तो आवाज याच अल्बमचा. एका डच पोरानं तो उचलून बीट बनवली आणि ऑनलाइन विकायला ठेवली. लिल नाझ एक्सनं ती ३० डॉलरला घेतली. हा मात्र धंदा होता, त्यामुळं पुढं रीतसर परवानगी झाली आणि गाण्याच्या श्रेयात रेझ्नर आणि त्याचा साथीदार ॲटिकस रॉस यांची नावं लागली.

या रॉससोबत रेझ्नर सिनेमाकडं वळला. 'द सोशल नेटवर्क' (२०१०) आणि 'सोल' (२०२०) या दोन सिनेमांच्या संगीतासाठी त्यांना ऑस्कर मिळालं. २०१६ मध्ये रॉस अधिकृतपणे नाइन इंच नेल्सचा दुसरा सदस्य झाला.

२०२० मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं नाइन इंच नेल्सचा सन्मान केला. त्यात रेझ्नर एकटा नव्हता. रॉस होता आणि वर्षानुवर्षं स्टेजवर साथ दिलेले वादकही होते.

अल्बममध्ये एकाच माणसाचं नाव छापल्याला तेव्हा ३१ वर्षं झाली होती.